परतीची अट

खासदार संपतराव निकमांची मुलगी कॅप्टन वैजयंता हिचं लग्न झालं, त्याच वर्षी सेराल बेटावर सैन्य पाठवायचं ठरलं. तिथल्या बंडखोरांनी आपले खलाशी डांबून ठेवले होते.

मागच्या एका लढाईत पुढाऱ्यांनी निवडणुकीसाठी सैन्य परदेशात अडकवून ठेवलं होतं. म्हणून पुढे कायदा झाला: सैन्य माघारी बोलवायचं ते 'परतपाल' या यंत्रानेच. जाण्याआधी सर्व पक्षांनी एकमताने त्याला अट सांगायची. रोजच्या बातम्या तपासून, अट पुरी झाली की यंत्र परतीचा हुकूम काढी.

संपतराव ही अट ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. एका पक्षाला खलाशी सोडवायचे होते, दुसऱ्याला व्यापाराची वाट मोकळी हवी होती, तिसऱ्याला तिथे निवडून आलेलं सरकार. चौथा म्हणाला, देशाचा मान राहिला पाहिजे. संपतरावांनी चारही अटी एकत्र घातल्या.

परतपाल बनवणाऱ्या डॉ. कुंदा शेवडे म्हणाल्या, "निकमसाहेब, यातलं नक्की काय हवंय?"

"अहो बाई, पंगतीतून कुणाला उपाशी उठवायचं नसतं."

"पण पंगत जेवण झालं की उठते. इथे कधी उठायचं? मान मोजायचा कसा? यंत्र रोज 'अजून नाही' म्हणेल."

"मग त्याला फूटपट्टी द्या!" समिती हसली. मग संपतराव हळू आवाजात म्हणाले, "खलाशांच्या बायका दाराशी बसल्यात. एक जरी पक्ष रुसला तरी सैन्य हलत नाही."

सैन्य गेलं. वैजयंताची तुकडीही गेली. महिन्याच्या आत खलाशी सुटले.

वैजयंताचा फोन आला. "आबा, माणसं तर घरी पोचली. आता आम्ही इथे कशाची राखण करतोय?"

संपतराव डॉ. शेवडेंकडे धावले. "तेवढा मान काढून टाका. बाकीच्या अटी निदान कधीतरी पुऱ्या होतील."

"मला तो अधिकार नाही. अट बदलायलाही सगळ्यांचं एकमत लागतं."

ते दारोदार फिरले. चौथ्या पक्षाचे पुढारी म्हणाले, "निकम, देशाचा मान नको, असं सभागृहात उभं राहून तुम्ही म्हणाल का?"

संपतराव उभे राहिले नाहीत.

कॅप्टन वैजयंता पुढल्या माघात बंदराच्या रस्त्यावर सुरुंग फुटून मेली. संपतराव त्यानंतर नऊ वर्षांनी, वैशाखात वारले. सैन्य तेव्हाही सेरालमध्येच होतं.