सतरा नंबरची तिसरी फेरी

“सुभद्राबाई, पाच वाजता बक्षीस द्यायचंय, आणि पहिला आलेला माणूस लबाड निघालाय!”

साखर कारखान्याचे अध्यक्ष मोहनराव धापा टाकत मांडवात शिरले. चार वाजले होते. आष्टीजवळच्या तलावात दुष्काळाने तिसऱ्या वर्षीही टिपूस ठेवला नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याने कोरड्या पात्रातच ट्रॅक्टरची शर्यत भरवली होती. बक्षीस एकच, सगळ्यांत वेगवान फेरी मारणाऱ्याला कारखान्यात ट्रॅक्टरचालकाची कायम नोकरी. तिच्यासाठी बेचाळीस अर्ज आले होते!

शर्यत संपली म्हणून खट्टू झालेल्या खासगी तपासनीस सुभद्राबाईंचे डोळे लकाकले. शेजारी त्यांचे सहकारी पंडित भेळ खात होते.

“लबाड कोण?”

“सटवा. चालक क्रमांक सतरा, ऊसतोडीला जाणारा गडी. तिसऱ्या फेरीत, बरोबर सव्वातीनला, सगळ्यांत कमी वेळ. पण सव्वातीनला तो डॉक्टरांच्या तंबूत हाताला टाके घालून घेत होता! उलगडा झाला नाही तर पाचला त्याचं नाव खोडणार.”

“संगणकात कुणीतरी खोटी वेळ घुसवली,” पंडित म्हणाले. “सरळ आहे.”

“तुम्हाला सगळं सरळच दिसतं, पंडितराव. उठा!”

घड्याळ लावणारा रामहरी भडकलाच. “खोटी कशी? माझ्या डोळ्यांदेखत फेरी झाली, बाई. लई जोरात!”

“चालवणारा सटवाच होता?”

“हेल्मेट, चष्मा, नाकाला फडकं. तोंड कसं दिसंल? छातीवर सतरा हुता. पहिल्या दोन फेऱ्यांत गडी पंधरावा, अन् तिसरीत असं काय खाल्लं, देव जाणे.”

“नंबराच्या बंड्या तुम्हीच वाटल्या?”

“व्हय. सतराच्या दोन गेल्या. त्याची बायको मागाया आलती. म्हटलं, एक घामानं भिजली तर दुसरी.”

संगणकावरचा राधाकिशन त्याहून तापला. “माझ्या डेटाबेसला नावं ठेवू नका, मॅडम! तीन टेबलं आहेत: चालक, ट्रॅक्टर, फेऱ्या. फेरीत क्रमांक टाकला की चालकाचं नाव आपोआप जोडलं जातं. एका क्रमांकाला एकच नाव. दुसरं बसवायला जागाच नाही.”

“आठवड्यात एवढं उभं केलंत?”

तो जरा सैलावला. “अगदी मुळापासून नाही. कारखान्याचं ऊसतोड टोळ्यांचं टेबल दहा वर्षं बिनचूक चालतंय. तेच उचललं आणि मथळे बदलले.”

सुभद्राबाई थबकल्या, मग जवळजवळ पळतच मांडवाबाहेर गेल्या.

सटवा हाताला पट्टी बांधून बसला होता. शेजारी त्याची बायको रतनबाई, तोंडभर पांढरी धूळ, डोळ्यांभोवतीची जागा तेवढी स्वच्छ.

“तिसरी फेरी तू मारलीस?” बाईंनी सटवाला विचारलं.

“आमच्याच नंबरनं मारली, बाई. चोरी न्हाई केली. मंग नाव कावून खोडत्यात?” सटवाचा आवाज चिरकला. “ही नोकरी गेली तर दिवाळीनंतर पुन्हा लेकरं घेऊन फडावर जायाचं.”

पावणेपाचला सुभद्राबाईंनी सगळ्यांना संगणकाभोवती गोळा केलं.

“मोहनराव, ऊसतोडीत एक कोयता म्हणजे किती माणसं?”

“नवरा-बायको. दोघांचा मिळून एक कोयता. हे काय विचारणं झालं?”

“राधाकिशन, टोळीच्या टेबलात त्या दोघांना क्रमांक किती?”

राधाकिशनचा चेहरा पडला. “एक. नाव... नवऱ्याचं.”

“आणि तेच टेबल तुम्ही शर्यतीला आणलंत! ऊस तोडताना दोघं मिळून एक धरली तर कारखान्याचं भागतं. पण स्टिअरिंगवर एका वेळी एकच माणूस बसतो. फेरी खरी, वेळ खरी. सतरा क्रमांकाला जोडलेलं नाव तेवढं अपुरं. दोन बंड्या गेल्या, कारण चालवणारे दोघं होते. पंधरावा माणूस एकाएकी पहिला येत नाही, पंडितराव. दुसरा माणूस येतो. आणि चष्मा लावून धुरळ्यातून गेलेल्याचं तोंड कसं दिसतं, ते रतनबाईंकडे पाहा. सतराचा अर्ज काढा!”

राधाकिशनने गठ्ठा उपसला. अर्जावर दोन नावं होती, दोन सह्या होत्या.

“अहो, मग बोलला का नाहीत?” पंडितांना राहवेना.

“मला कुणी इचारलंच न्हाई,” रतनबाई म्हणाली. “कोयता एक, मंग नंबर बी एक. आमाला वाटलं, हितं बी तीच रीत. मुकादमाचा डायवर फडात झोपून ऱ्हायचा, तवा ट्रॅक्टर म्याच हाकायची.”

मोहनरावांनी सुटकेचा श्वास सोडला. “मिटलं तर! नोकरी सटवाला देऊन टाकू.”

“सटवा पंधरावा आलाय,” सुभद्राबाई म्हणाल्या.

हसला तो सटवाच. “खरं हाय, साहेब. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं ते. तिलाच द्या!”

राधाकिशनची बोटं केव्हाच चालू झाली होती. चालक क्रमांक त्रेचाळीस, रतनबाई. तिसरी फेरी त्या क्रमांकाला जोडली आणि यादी सरसर बदलली. पहिल्या ओळीत रतनबाई! पंडितांनी अशी आरोळी ठोकली की मांडवातली माणसं धावत आली. सुभद्राबाईंना आनंद लपवता येईना.

मोहनराव खाकरले आणि त्यांनी रतनबाईपुढे हार धरला.

“हार ऱ्हाऊ द्या, साहेब,” ती म्हणाली. “कामावर किती वाजता यायचं, ते सांगा.”