जिन्यानं येणारी मुलगी

कोरियातल्या देगू शहरात ऐन उन्हाळ्यात लिफ्ट बंद पडली, आणि अकराव्या मजल्यावरच्या ऑफिसात निघालेला ग्युहान सहाव्यावरच पायरीवर फतकल मारून बसला. खालून त्याच इमारतीत काम करणारी सोल्बी आली. कपाळावर घाम, पण चाल हलकी.

“तुम्हाला दम कसा लागत नाही?”

“सवय आहे. मी लिफ्टनं जातच नाही.”

“का बरं?”

ती घुटमळली. “लहानपणी टीव्हीवरच्या मालिकेत लिफ्टचा दोर तुटला होता... दारात बाईचा एकच बूट उरला. तेव्हापासून— हसा आता.”

तो हसला नाही. “मी बातम्यांत ऐकलं होतं, खिडकी लावून पंखा चालू ठेवला की माणूस झोपेतच जातो. अजून खिडकी उघडी ठेवून झोपतो.”

“आणि डास?”

“चावतात. पण जिवंत आहे ना.”

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली, तरी तो जिन्यापाशी उभा.

“वाट चुकलात?”

“छे... सापडलीय.”

मग रोजच दोघं जिन्यानं. एकाच बाटलीतला बार्लीचा गार चहा, वळणावर हाताला हात... उन्हाळा सरेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

छुसॉकला, सुगीच्या सणाला त्यानं तिला घरी जेवायला बोलावलं. घर एकविसाव्या मजल्यावर. तो खाली येणार होता, पण निरोप आला— पाहुणे आलेत, तू ये सावकाश. नासपतींची पेटी छातीशी धरून ती एकटीच चढली. दारात पोचली तेव्हा चेहरा लालबुंद, केस गालांना चिकटलेले.

“हिची तब्येत बरी नाही का?” त्याच्या आईनं विचारलं.

“तब्येत कसली, आई. टीव्हीला घाबरलीय, लहानपणापासून,” ग्युहान म्हणाला. मग त्यानं बुटाची गोष्ट नक्कल करून सांगितली. काका पोट धरून हसले.

आई म्हणाली, “उद्या पोरं झाली की त्यांनाही असंच चढवणार वाटतं.”

यावर सगळ्यांत मोठ्यानं हसला तो ग्युहानच. पंख्याची गोष्ट सोल्बीच्या अगदी ओठांवर आली होती. तिनं ती गिळली, चार घास खाल्ले, वाकून नमस्कार केला आणि निघाली.

ती उतरून खाली आली, तर तो आधीच उभा. लिफ्टनं आला होता.

“रागावलीस? चेष्टा होती गं.”

“तुला माझी लाज वाटली.”

“थोडी...” त्यानं मान खाली घातली. “पण माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

हेच ऐकायला ती आतुर होती.

“असेल,” ती म्हणाली. “पण मला कशाची भीती वाटते, ते यापुढे तुला सांगवणार नाही.”

आणि ती बस थांब्याकडे चालू लागली.