निळ्या चौकटीचा शर्ट

नव्या कोऱ्या पिस्तुलाची पेटी उघडली आणि बाबांची कळी खुलली. आई गेल्यापासून त्यांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान बंदच होतं. आज दुपारी लेकीची पहिली मोठी नेमबाजी स्पर्धा, म्हणून निळ्या चौकटीचा नवा शर्ट चढवून त्यांनी सकाळीच कुलूप काढलं होतं.

कारखान्यातून येणारं पिस्तूल गंजू नये म्हणून घट्ट, पिवळ्या ग्रीसने माखलेलं असतं. भल्याभल्यांना ते तेलच वाटतं. ‘नळीत ग्रीस राहिलं तर नेम सोडा, हातही राहायचा नाही,’ असं आई गिऱ्हाइकांना दटावायची. ग्रीस पुसायचं तिने, मगच तेल लावायचं बाबांनी. पुसून होईतो खूण म्हणून नळीच्या तोंडातून कापडाची पट्टी लोंबत ठेवायची, हा आईचा दंडक. पट्ट्या मात्र बाबांच्या शर्टांच्या. ते कामात गुंग असले की ती मागून टर्रकन फाडायची. एकदा तर ते तसेच एका लग्नात मिरवून आले होते.

त्या आठवणीने लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. कानस लागून आईच्या अंगठ्यावर पडलेली आडवी चीर, तिचं ते दटावणं, सगळं निघालं. बाबा भिंतीला पाठ लावून खुर्चीत, लेक समोर. रॉकेलच्या फडक्याखाली एकेक भाग लखलखू लागला. गप्पांच्या नादात तेलही लावून झालं. बाबांनी पिस्तूल जोडून टेबलावर ठेवलं, तशी लेक हात धुवायला गेली.

परत आली तर नळीच्या तोंडातून पट्टी लोंबत होती.

“बाबा, ही तुम्ही घातलीत?”

“मी कशाला घालू? झालं की आपलं.”

तिने पट्टी ओढली. पाठोपाठ ग्रीसचा गोळा बाहेर आला. पट्टी इतकी बरबटली होती की कापडाचा रंगही कळेना. नळी पुसायची दोघंही साफ विसरली होती.

बाबांचे डोळे भरून आले आणि ते हसायला लागले.

“अजून लक्ष आहे तिचं,” ते म्हणाले.

लेकीला इतका आनंद झाला, की हसावं की रडावं तेच कळेना. नळी आरशासारखी होईतो दोघांनी पुसली, नव्याने तेलाचा हात फिरवला. आता हरले तरी बेहत्तर, असं तिला वाटलं.

निघताना बाबा सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि कुलूप लावायला वळले.

नव्या शर्टाची मागची पट्टी फाडलेली होती.

फाटल्या कडेला ग्रीस लागलं होतं. ग्रीसमध्ये एक अंगठा उमटला होता, मधोमध आडवी चीर असलेला.

लेकीने त्यावर हलकेच बोट ठेवलं. ग्रीस अजून कोमट होतं.