आवाज एकीचा, अंगठा दुसरीचा

“हा घे, तैयबा. तुज्यापाशी ठेव. आजपासून फिरोजा तू.”

पेटीच्या तळातून काढलेला आपला निकाहनामा फिरोजाने सवतीच्या मांडीवर ठेवला, आणि तैयबाने चटका बसावा तसे हात मागे घेतले. चुलीवर माशाचं कालवण उतू जात होतं... दोघींपैकी एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं.

गोष्ट एकोणीसशे सव्वीस सालची, मुरुडच्या मोहल्ल्यातली. ह्या दोघींचा नवरा अब्दुस्समद दूर केपटाउनला एका दुकानात कामाला होता. फिरोजाशी निकाह लावून तो पहिल्यांदा आगबोटीत बसला, तेव्हा तिथे उतरताना सरकारी कागदात त्याने बायकोचं नाव लिहून दिलं होतं, फिरोजा. परक्या मुलखाच्या दफ्तरात आपलं नाव त्याच्या नावाखाली लिहिलेलं आहे, ह्या एका गोष्टीच्या आधारावर त्या वेड्या बाईने किती वर्षं काढली! तिला मूल झालं नाही. मग तिच्या सासूने, रहिमुन्निसाने, रजेवर आलेल्या मुलाचा दुसरा निकाह तैयबाशी लावून दिला, आणि वर्षभरात नजमुद्दीन जन्मला. फिरोजाने सवतीच्या पोराचा दुस्वास करावा अशी मोहल्ल्याची रास्त अपेक्षा होती. ती काही तिने पुरी केली नाही. पोर तिला बडीमाँ म्हणे आणि तिच्याच हातून जेवे.

नजम सहा वर्षांचा झाला आणि अब्दुस्समदचं पत्र आलं. इथला कायदा एकाच बायकोला येऊ देतो, आणि तिच्या पोटच्या मुलाला. माझ्या कागदावर नाव फिरोजाचं आहे. तेव्हा नजम आपलाच म्हणून सांगून फिरोजाने पासपोर्ट काढावा आणि त्याला घेऊन यावं...

“नशीब काढलंस गो,” रहिमुन्निसा फणकारली. “जनला तिनं, न् बोटीत बसशील तू.”

खोटं कशाला बोला... फिरोजाला जायचं होतं! तीन दिवस ती जमिनीवर नव्हती. लग्नातली ओढणी तिने उन्हात टाकली, पेटी भरली, पुन्हा उपसून पुन्हा भरली. सहा वर्षांत न पाहिलेल्या नवऱ्यासमोर ताट ठेवायचं, तो जेवेपर्यंत समोर बसायचं, एवढ्याच सुखाची ती मनात शंभरदा उजळणी करत होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती आतल्या खोलीत गेली. नजमला झोपताना आईच्या कानाची पाळी चिमटीत धरायची खोड होती. पोर झोपलं होतं, पाळी त्याच्या चिमटीत होती, आणि तैयबा मान तसूभरही न हलवता रडत होती. तिने एका शब्दानेही विरोध केला नव्हता. पोराचं भलं होत असेल तर आपण मागे राहू, एवढंच ती म्हणाली होती. फिरोजा दारातच थबकली. बोटीवर हे पोर कुणाचा कान शोधील? आपला कान ते धरीलही... पण चिमटीत घेताच त्याला कळेल ना! ती उलट्या पावली फिरली आणि तिने पेटी उघडली.

“आपा, ह्यो गुन्हा हाय,” तैयबा पुटपुटली. “न् तुमचं काय?”

“माजं काय? अम्माला बघायला कुनी नको?”

नवरा हट्ट धरील हे ती ओळखून होती. म्हणून तिने मुन्शीकडून त्याला लिहून घातलं, की मला परमुलूख सोसायचा नाही, मी येणार नाही, तैयबाला माझ्या नावाने पाठवते. ते अब्दुस्समदच्या काळजाला असं लागलं, की पुढे अकरा वर्षांत त्याने तिला एक ओळ लिहिली नाही. नवऱ्याने बोलावलं आणि ही माजोरी गेली नाही, असं मोहल्लाही म्हणू लागला. रहिमुन्निसाला खरं काय ते ठाऊक होतं. ती गप्प राहिली.

पडद्यातल्या बायकांचा फोटो तेव्हा मागत नसत, अंगठा चाले. कचेरीच्या आवारात पडदा लावलेली बैलगाडी उभी राहिली. आत दोघी होत्या.

“नाव?” कारकुनाने बाहेरून विचारलं.

तैयबाच्या ओठातून शब्द फुटेना. जन्मात तिला खोटं बोलणं साधलं नव्हतं. क्षण गेला, दुसरा गेला... शेवटी फिरोजाच बोलली.

“फिरोजा. अब्दुस्समदची बायको.”

“मुलगा कुणाचा?”

“माजा. माज्या पोटचा.”

हे शब्द आयुष्यात एकदाच उच्चारायला मिळाले तिला, आणि तेही दुसरीसाठी! मग पडद्याखालून शाई लावलेला अंगठा बाहेर गेला, तो तैयबाचा. महिन्याभरात आगबोटीने मायलेकरांना नेलं आणि फिरोजा म्हातारीचं अंथरूण-पांघरूण बघत घरी राहिली.

तेहतीस साली केपटाउनहून रहिमुन्निसाच्या नावे पत्र आलं. मुन्शीने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. तैयबा छातीच्या दुखण्याने गेली होती. तिथल्या लोकांनी तिला फिरोजा म्हणूनच माती दिली, आणि कबरीच्या दगडावरही फिरोजाचंच नाव कोरलं. मातमाला आलेल्या बायका चोरून फिरोजाकडे बघत होत्या. स्वतःच्या मरणाची खबर ऐकलेली बाई कशी दिसते ते त्यांना पाहायचं होतं. ती मात्र तैयबासाठी ऊर फुटेस्तोवर रडली. नवऱ्याकडे जायची वाट आता कायमची मिटली, हे तिच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले.

आणि सदतीस साली नजम आला... सतरा वर्षांचा, उंच, बापासारखा पुढे वाकून चालणारा. दादीला एकदा डोळ्यांनी पाहून परतायचं होतं. लहानपणी तो आईच्या पासपोर्टावर गेला होता. आता त्याला स्वतःचा काढायचा होता. फिरोजाने वाढलेलं तो मुकाट जेवायचा. ‘बडीमाँ’ म्हणायचा, पण नजर वर करत नसे. हिने यायचं नाकारलं, एवढंच बापाच्या तोंडून त्याने ऐकलं होतं. फिरोजाने खुलासा केला नाही.

कचेरीत जायच्या आदल्या दिवशी रहिमुन्निसाने त्याला खाटेजवळ बसवलं.

“बाला, तुज्या बडीमाँनं न्हाय म्हटलं न्हाय. पेटी भरलेली तिनं, मी बघितलेली. तुज्यापायी उपसली. न् मी... मी तोंड शिवून बसली. ती गेली असती तर मला पानी कोन देत होता?” म्हातारीने चाचपडत फिरोजाचा हात धरला. “पोरी, मला माफ कर गो.”

फिरोजाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. “अम्मा, पाय दुखतायत ना?” एवढंच ती म्हणाली आणि पाय चेपू लागली. नजम उठून बाहेर गेला आणि संध्याकाळपर्यंत परतला नाही.

दुसऱ्या दिवशी ओळख पटवायला म्हणून बुरख्यातली फिरोजा त्याच्यासोबत मामलेदारासमोर उभी राहिली.

“आईचं नाव?”

“फिरोजा.”

“हयात आहे?”

नजमने मान वळवली. “साहेब, माझी आई...” आणि त्याचा हात तिच्या दिशेने उचलला गेला. आणखी एक शब्द, की अकरा वर्षांचे कागद खोटे पडणार होते, आणि केपटाउनचं दार, त्या दारामागचा एकटा बाप, सारं त्याला बंद होणार होतं.

“वारली, साहेब,” फिरोजा म्हणाली. “चार वरसं झाली.”

“तुम्ही कोण ह्याच्या?”

“मी घरातलीच बाई. ह्याच्या दादीचं करतंय.”

मामलेदाराने मान डोलावली आणि लिहून घेतलं. 

पासपोर्ट हाती आला आणि जायचा दिवस उजाडला. खाडीत आगबोट उभी होती, माणसं न्यायला मचवा किनाऱ्याला लागला होता. नजमने तिचे दोन्ही हात धरले.

“बडीमाँ, अब्बांना मी सगलं सांगतो. न् त्या दगडावरचं नाव बदलून घेतो. तू जिती हायस...”

“अब्बाला सांग. आता सांग,” ती म्हणाली. “पन दगडाला हात लावू नको, बाला. खाली तुजी माँ हाय, तिला मी माज्या खुशीनं दिलेलं नाव हाय ते. न् तुजे अब्बा तिथं फातिहा पढायला जात असतील... माजं तेवढंच पोचलंय तिथं.”

नजमने तिच्या ओढणीखाली हात घालून कानाची पाळी चिमटीत धरली, आणि मचव्याच्या तांडेलाने तीनदा हाक मारली तरी सोडली नाही. फिरोजा मान न हलवता उभी राहिली.