तो असला की लाइन जात नाही

जिन्यात आमची टक्कर व्हायचीच बाकी राहिली होती. तो खांद्यावर निळ्या वायरचं भेंडोळं घेऊन वर चढत होता, शर्टाचे खांदे पावसाने भिजलेले. आणि मी मोबाईल डोक्यावर धरून, रेंज शोधत, अनवाणी खाली धावत होते.

"तुम्ही नेटवाले ना?" मी दोन्ही हात पसरून त्याची वाट अडवली.

"हो, पण मला वरच्या मजल्यावर—"

"वरचा मजला कुठे पळून जात नाही. इथे माझा वर्ग पळतोय!"

त्याने पापणीवरचा थेंब मनगटाने पुसला. माझ्या पायांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "वर्गाला पाय फुटलेले पहिल्यांदाच ऐकतोय," असं म्हणाला... आणि आला.

खोलीत आला, माझ्या टेबलाशी वाकला, आणि माझी अब्रू गेली. लाइन अगदी व्यवस्थित चालू होती.

"आत्ता गेली होती हो! देवाशपथ!"

"असेल. मी नाही कुठे म्हणतोय," तो हसू गिळत म्हणाला.

आता माझं काम काय, ते सांगते. कॉलेजात सर शिकवत असतात आणि मी घरी कानाला हेडफोन लावून ऐकत असते. ते जे बोलतील ते मी त्याच क्षणी टाइप करते, आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांच्यासमोर ते पडद्यावर उमटतं. त्या मुलांचे कान म्हणजे माझी बोटं. मग मला सांगा, वाक्याच्या मधोमध लाइन तुटली की काय होत असेल? एकदा लाइन परत आली तेव्हा पडद्यावर एका मुलीने लिहिलं होतं, 'ताई, पुढे काय म्हणाले सर?' मला सांगता आलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वायफायवर हे काम करायला परवानगी नव्हती, वायरच हवी होती. आणि मी अजून उमेदवारीवर होते. आमच्या वरिष्ठ बाईंनी कळवलं होतं, 'शुक्रवारी मी स्वतः वर्गात बसणार. लाइन गेली तर काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.'

वाईट वाटून घेऊ नका! मी तर रात्रंदिवस तेच करत होते.

"भित्री भागूबाई," आई म्हणायची. "आणि तो पाय हलवू नकोस गं बसल्या बसल्या. बघून मला गरगरतं."

वायरवाला पहिल्या खेपेला वायर बदलून गेला. त्याची पाठ वळताच बाबा सुतळी घेऊन हजर. आमच्या बाबांना लोंबणारी वस्तू बघवत नाही. त्यांनी चष्मा बांधलाय, किल्ल्या बांधल्यात, बादलीचा मग नळाला बांधलाय. नवी वायर त्यांनी टेबलाखालच्या आडव्या दांडीला छान ताणून बांधली. "आता कुणी अडखळणार नाही," म्हणाले. जुनी वायरही त्यांनी अशीच बांधली होती.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला, आणि लाइन गेली.

तो पुन्हा आला. मी खुर्ची सोडून उभी राहिले, तो बसला, आणि लाइन शहाण्या बाळासारखी चालू. त्याने लॅपटॉपमधली वीज वाचवायची सेटिंग बंद केली, बाहेरच्या खोलीतल्या नेटच्या डब्यात वायर दुसऱ्या भोकात खोचली. पडद्यावर एक काळी चौकट उघडली. तीत ओळीमागून ओळ सरकायला लागली.

"हे काय?" मी त्याच्या खांद्यामागून विचारलं.

"लॅपटॉप क्षणाक्षणाला विचारतोय, 'आहेस का?' आणि पलीकडून उत्तर येतंय, 'आहे.'"

"बस, एवढंच?"

"एवढंच तर लागतं की..." तो म्हणाला, आणि उगाच कान खाजवायला लागला.

मी देवालाही रोज हेच विचारते. उत्तर इतकं पटकन येत नाही. त्या काळ्या चौकटीकडे बघताना मला कसंसंच झालं. आणि बघता बघता लक्षात आलं, की आपला श्वास कित्येक दिवसांनी असा सरळ चाललाय.

नंतर तो येतच राहिला. कधी त्याच्या यंत्राने वायर तपासायचा, कधी लाइनचा वेग कमी करून बघायचा. बिघाड काही हाती लागेना. तो समोर बसलेला असेल तर मी खुर्चीत बसून टाइप केलं तरी लाइन हूं की चूं करत नसे. जिना उतरला की गेलीच!

"तुमची लाइन मला घाबरते," तो एकदा म्हणाला.

"तुम्हाला कोण घाबरेल? स्वतःच्या चपला सापडत नाहीत तुम्हाला."

"त्या तुमचे बाबा बांधून ठेवतात!"

खरंच, दाराशी त्याच्या चपलांची जोडी सुतळीने बांधलेली होती. आम्ही इतके हसलो की आई स्वयंपाकघरातून डोकावली. आमच्याकडे आळीपाळीने बघून तिने चहाचं आधण वाढवलं.

तो गेला की मात्र दोन काळज्या उरायच्या. एक धास्ती शुक्रवारची. आणि दुसरी... ती तर सांगायचीही चोरी. बिघाड सापडला नाही तर काम जाणार. आणि सापडला, तर हा कशाला येणार?

शुक्रवारी तो वर्गाच्या आधीच आला. "आज मी उठतच नाही," म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. मी हेडफोन चढवला. सर यायचे होते, बाई आल्या होत्या. आवाजाची चाचणी सुरू होती, आणि लाइन पक्की होती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने पडद्याकडे पाहिलं, चेहरा पडला.

"साहेबांचा आहे. बाहेर जाऊन बोलतो... लगेच आलो."

दार लोटल्याचा आवाज झाला. खोली एकदम मोठी वाटायला लागली. मनात आलं, आता जाणार. आत्ता जाणार. देवा, आज नको रे...

गेली.

परत आली तेव्हा बाईंचा निरोप दिसला. 'वर्ग सुरू व्हायचा आहे म्हणून हे धरत नाही. पुन्हा गेली तर मात्र थांबू या.' डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली. आणि परत गेली! परत आली...

"पाय!"

मी दचकून मागे पाहिलं. तो दारात उभा होता. एक बोट बाहेरच्या डब्याकडे, एक माझ्या टेबलाखाली.

"तुमचा पाय... दांडीवर हलतोय. आणि तिकडे डब्यावरचा दिवा त्याच तालावर जातोय!"

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय त्या आडव्या दांडीवर शिवणयंत्र चालवावं तसा चालला होता. दांडीला वायर सुतळीने घट्ट बांधलेली. पाय हलला की वायर ओढली जायची, वायर ओढली की भिंतीतल्या सॉकेटला हिसका.

हेडफोनमध्ये सरांचा आवाज आला, "तर मुलांनो..."

"आता सॉकेट उघडायला वेळ नाही," तो म्हणाला, "तुम्ही टाइप करा." आणि तो चक्क टेबलाखाली शिरला. एका हाताने त्याने बाबांची सुतळी सोडवली, दुसऱ्या हाताने भिंतीशी वायर धरून मांडी घालून बसला.

मी टाइप करायला लागले. सर बोलत होते, बोटं धावत होती. मध्येच आई आत आली, टेबलाखाली बसलेला माणूस पाहिला, आणि पदर तोंडाला लावून आल्या पावली परतली. माझा पाय? तो जमिनीवर, झोपलेल्या मांजरासारखा निवांत. सबंध तासभर हलला नाही.

तास संपला. बाईंनी लिहिलं, 'पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम.' आणि त्याखाली त्या मुलीचं वाक्य, 'ताई, आज सगळं पोचलं.'

माझे डोळे भरून आले. खालून आवाज आला, "निघू का बाहेर? मुंग्या आल्यात पायाला."

त्याने भिंतीतलं सॉकेट उघडलं. आत एक बारीकशी तार नीट बसलेली नव्हती, नुसती टेकली होती. त्याने ती दाबून बसवली, झाकण लावलं.

"सुरुवातीलाच उघडायला हवं होतं हे," तो म्हणाला. "पण माझ्यासमोर लाइन कधी गेलीच नाही. का ते आता कळलं. मी असलो की तुमचा पाय हलत नाही."

मी हेडफोन पुसायला लागले.

"का हलत नाही?" त्याने विचारलं. स्क्रूड्रायव्हर उगाच या हातातून त्या हातात जात होता.

"तुम्ही नेटवाले... तुम्हीच शोधा."

"माझ्या यंत्रात तेवढंच दिसत नाही."

दारात बाबा सुतळी गुंडाळत उभे होते. "मग वायर बांधायची कशाला?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"बांधू नका काका. थोडी सैल असलेली बरी," तो म्हणाला. बाबांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खाली वाकून त्याच्या चपलांची गाठ स्वतः सोडून दिली.

तो गेला. दुरुस्ती पक्की होती. मी मुद्दाम पाय आपटून पाहिला, दांडी हलवून पाहिली, लाइन तसूभरही ढळली नाही. आणि मला रडूच आलं. देवा, मागितलं ते सगळं दिलंस, आणि त्यासोबत त्याचं येण्याचं कारण काढून घेतलंस?

आईने चहाचा कप पुढे ठेवला. "पाय हलतोय," म्हणाली.

टेबलावरचा फोन थरथरला. अनोळखी नंबर, दोनच शब्द.

'आहेस का?'

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला होता, कळलंच नाही. बोटं, जी शब्द हरवू नये म्हणून रोज धावतात, तीच बोटं आज एका शब्दापाशी अडखळली...

मग लिहिलं, 'आहे.'

आणि टेबलाखाली माझा पाय थांबला.