हवा आली की सांग

"बॅटरी बंद कर, युवराज. डोळ्यावर येतीय. लाईट यायला वेळ हाय, तवर माझ्या दोस्ताचं ऐका. धुळाजीचं."

गेल्या साली पौषातल्या अमावास्येला धुळाजी धुतलेला सदरा घालून आष्टीला गेला आणि ट्रॅक्टरचा प्लग घेऊन आला. त्याचा ट्रॅक्टर म्हणजे रॉकेलवर चालणारं, हँडल मारायचं जुनं धूड. लेक आदिनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला आणणार होता. त्याआधी चालू झालं तर ठेवू, एवढंच त्यानं कबूल केलेलं.

प्लग बदलला तरी इंजन नुसतं खोकायचं. साफ करताना धुळाजीनं मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारा डबा, खूण न करताच काढला होता. आता ठिणगीची वेळ चुकत होती. ती लावायला दोन माणसं लागतात. एकानं हँडल हळू फिरवायचं, दुसऱ्यानं प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. दोन फेऱ्यांत एकदाच हवा अंगठ्याला ढकलते. तिथंच थांबून मॅग्नेटो बसवायचा.

अंगठा साखराबाईचा असायचा, त्याच्या बायकोचा. "आवं, आलं!" म्हणायची आणि काळा अंगठा त्याच्याच पाठीवर पुसायची.

"अगं, सदरा धुवायचा कुणी?"

"मीच की!"

ती जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मंग दुसऱ्या कुणाला बोलवायचं की, आज्या."

"कुणाला बाबा? सगळं गाव ऊसतोडीला गेलतं."

त्यानं भोकात चिंधी कोंबून पाहिली. इंजनात दम कमी, चिंधी उडेना. काढून टाकली. रात्री दहाला लाईट गेली. शेतातल्या आखाड्यावर, कंदिलाच्या उजेडात तो एकटा. हँडल धरून खाली वाकला आणि सवयीनं बोलून गेला,

"हवा आली की सांग गं."

एक फेरी. भोकातून नुसती फुस्...

दुसरी फेरी.

फुस् थांबली.

हँडल जड झालं. कुणी भोक दाबून धरल्यासारखं.

"आवं..."

त्यानं हात थांबवला.

"...आलं."

"आज्या, वर बघितलं न्हाई त्यानं?"

"न्हाई. बघितलं असतं तर ती गेली असती, म्हनला."

खालमानेनंच त्यानं मॅग्नेटो बसवला. प्लग आवळला. एकच झटका. इंजन लागलं. उजाडेपर्यंत त्यानं ते बंद केलं नाही. शेजारी बसून राहिला.

सकाळी आदिनाथ आला. चालतं इंजन बघून त्यानं भंगारवाल्याला परत पाठवलं. मग म्हणाला, "दादा, पाठीला काय लागलंय?"

धुळाजीनं सदरा काढला. दोन खांद्यांच्या मधोमध, स्वतःचा हात पोचत नाही तिथं, काळा अंगठा. अजून ओला.

सदरा खुंटीला तसाच आहे. धुवायचा कुणी, ते ठरलेलं आहे.