डाव्या डोळ्यातली नळी

सांगलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी बाकावर बसले होते, आणि शेजारी कोण येऊन बसावं... तर रविराज! मागच्या उन्हाळ्यात औंधहून उंब्रजला मला बघायला आलेला, आमचे पोहे खाऊन गेलेला आणि मग नकार कळवलेला फौजी.

उठून जावंसं वाटलं. पण पुढचा नंबर माझाच होता.

"तुमी... इथं?" त्यानं विचारलं.

"डोळ्यातली नळी काढायची हाय. आन तुमी?"

"आईचा मोतीबिंदू काढलाय. पट्टी सोडायला आत नेलंय." तो जरा वाकून बघायला लागला. "डोळ्यात नळी?"

सांगावंच लागलं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट माझ्या डाव्या बाजूला बंद होती, म्हणून तो डोळा सारखा वाहायचा. डॉक्टरांनी ऑपरेशन करून नवी वाट केली आणि ती बुजू नये म्हणून दोऱ्याएवढी बारीक नळी घालून ठेवली.

"तुमचा नकार आला, तवा घरच्यांनी हितं आणलं," मी म्हणाले. "वाहत्या डोळ्याची पोरगी कोण करून घेणार?"

फौजीचे कान लाल झाले.

"म्हंजे त्या दिवशी... तुमी रडत नव्हता?"

"मी कशाला रडू?"

"पोहे देताना पदरानं डोळं पुसत हुता की! मला वाटलं, बळंच बसवलंय. म्हणून न्हाई म्हणालो. न्हाईतर... मला तुमी लय आवडला हुता."

अख्खा पावसाळा मी आरशात त्या डोळ्याला शिव्या घातल्या होत्या. राग आला, हसूही आलं. आणि हा माणूस मला अजून आवडतो, हेही कळलं.

"मग विचारायचं की!"

"चुकलंच," तो म्हणाला. "आता रविवारी आई तासगावची पोरगी बघायला नेतीया. लगीच सुपारी फोडायची म्हणती... सुट्टी संपत आली."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत डॉक्टरांनी डोळ्याच्या कोपऱ्यातली नळी कापून नाकातून ओढून काढली. फार दुखलं नाही. मी मात्र तासगावचाच विचार करत होते.

बाहेर आले तर त्याची आई काळा चष्मा लावून निघायच्या तयारीत. मावशी म्हणायचं, पण माझ्या तोंडून सासूला म्हणतात तेच आलं.

"आवं आत्या, तासगावला जाऊ नका. मी त्या दिवशी रडत नव्हते. मला तुमचा मुलगा पसंत हाय."

सगळा बाक माझ्याकडे बघायला लागला. आत्या मुलाकडे वळल्या.

"आन तुला रं?"

"पयल्यापास्नं," तो म्हणाला.

आत्यांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला.

"मला अजून आकडं दिसत न्हाईत. लाव तुझ्या बापाला."